एका फटक्यात दोघे बाद

अमेरिकन बेसबॉलच्या नोंदींत एक रकाना असा आहे की त्यात आपलं नाव वर असावं, असं कुणालाच वाटत नाही. फलंदाजाने मारलेला चेंडू सरपटत क्षेत्ररक्षकाकडे गेला आणि त्या एका चेंडूवर दोघे बाद झाले, की फलंदाजाच्या खात्यावर या रकान्यात एक भर पडते. तिकडे आद्याक्षरांवरून त्याला जीआयडीपी म्हणतात; इथे आपण त्याला डबल प्लेचा आकडा म्हणू. कारकिर्दीच्या यादीत सर्वांत वर आल्बर्ट पुहोल्स आहे, ४२६ वेळा. त्याच्या खाली मिगेल कॅब्रेरा, कॅल रिपकेन (३५०), इव्हान रॉड्रिगेझ (३३७), हँक ॲरन (३२८), कार्ल यास्त्रेम्स्की (३२३). ही नालायकांची यादी म्हणावी तर रिपकेन, रॉड्रिगेझ, ॲरन आणि यास्त्रेम्स्की हे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत, आणि पुहोल्सच्या नावावर ७०३ होमरन आहेत. जो आकडा संघाचं नुकसान मोजतो त्याच्या शिखरावर संघाला सर्वाधिक फायदा करून देणारे खेळाडू बसलेले असतील, तर आकडा काय मोजतो याबद्दलची आपली समजूत कुठेतरी चुकते आहे. माझं म्हणणं असं की हा आकडा आधी संधी मोजतो, मग नशीब, आणि फलंदाजाचा स्वतःचा गुण-दोष त्यानंतर. पहिल्या दोन गोष्टी वजा केल्यावर जे उरतं ते लहान असतं. पण खरं असतं आणि मोजण्याजोगं असतं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला एका चेंडूवर दोघे बाद ही कल्पनाच आधी खटकेल. क्रिकेटमध्ये एक गडी बाद झाला की चेंडू मृत होतो; त्या चेंडूवर दुसऱ्याला बाद करता येत नाही. बेसबॉलमध्ये बाद झाल्यावरही खेळ चालू राहतो. शिवाय फलंदाजाने चेंडू मैदानात मारला की त्याला पहिल्या बेसकडे धावावंच लागतं, आणि पहिल्या बेसवर आधीच कुणी उभा असेल तर त्याला जागा रिकामी करून दुसऱ्या बेसकडे पळावं लागतं. अशा सक्तीने धावणाऱ्याला अंगाला हात लावून बाद करायची गरज नसते. क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन त्याच्याआधी त्या बेसवर पाय ठेवला की पुरे. डबल प्ले शक्य होतो तो या सक्तीमुळे. एका डावात संघाचे तीनच बाद, म्हणून दोघे एकदम जाणं म्हणजे डावाचा दोन तृतीयांश भाग एका फटक्यात गमावणं. या रकान्यात फक्त सरपटत्या चेंडूवरचे, सक्तीचे डबल प्ले धरले जातात. फलंदाजाने हवेतून सरळ मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने झेलला आणि पुढे गेलेल्या रनरला परतण्याआधी बाद केलं, तर नुकसान तितकंच होतं, पण या रकान्यात काहीही लिहिलं जात नाही.

हा खेळ जवळून पाहिला की त्यात किती जणांचे हात गुंतलेले असतात ते कळतं. पहिल्या बेसवर रनर आहे, एकही बाद नाही. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज चेंडू शॉर्टस्टॉपकडे मारतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असलेला शॉर्टस्टॉप अशा वेळी आधीच दोन पावलं पुढे आणि दुसऱ्या बेसकडे सरकलेला असतो. तो चेंडू उचलतो आणि दुसऱ्या बेसकडे धावत येणाऱ्या सेकंड बेसमनच्या छातीपाशी फेकतो. सेकंड बेसमन बेसवर पाय टेकवतो, त्याच क्षणी अंग वळवतो, आणि घसरत येणाऱ्या रनरला चुकवून पहिल्या बेसकडे नव्वद फूट चेंडू फेकतो. नोंदवहीत हे सगळं ६-४-३ अशा तीन अंकांत मावतं, कारण प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या जागेला ठरलेला क्रमांक असतो. यासाठी वेळ असतो तो फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोचायला लागतो तेवढा, म्हणजे साधारण सव्वाचार सेकंद. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, त्यामुळे त्याची एक-दोन पावलं वाचतात. चेंडू हळू आला तर शॉर्टस्टॉपला उशीर होतो आणि एकच बाद मिळतो. जोरात आला तर दोघे जातात. म्हणजे चांगला, कडक बसलेला फटका क्षेत्ररक्षकाच्या दिशेने गेला तर त्याचीच शिक्षा जास्त. आणि सेकंड बेसमनची फेक चुकून फलंदाज वाचला, तर फलंदाजाच्या खात्यावर काही लागत नाही; दुसऱ्या कुणाला पुढचा बेस फुकट मिळाला नाही तर फेकणाऱ्याच्या नावावरही चूक धरली जात नाही, कारण डबल प्ले झालाच असता असं स्कोअररने गृहीत धरायचं नाही असा नियमच आहे. इतक्या जणांच्या कामाचा निकाल शेवटी एकट्या फलंदाजाच्या नावावर लिहिला जातो.

या सगळ्याआधी एक अट आहे आणि ती फलंदाजाच्या हातात मुळीच नाही. तो खेळायला येईल तेव्हा पहिल्या बेसवर कुणीतरी असावं लागतं आणि बाद दोनपेक्षा कमी असावे लागतात. जिम राइसचं १९८४ चं वर्ष घ्या. बॉस्टन रेड सॉक्सच्या या फलंदाजाने त्या मोसमात ३६ डबल प्ले ओढवून घेतले; एका मोसमाचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. पुढच्या वर्षी ३५. त्याच १९८४ मध्ये त्याने १२२ धावा घरी आणल्या, म्हणजे त्याच्या फटक्यांवर इतके सहकारी आणि तो स्वतः मिळून १२२ वेळा होम प्लेटवर पोचले. हे दोन आकडे परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. राइसच्या आधी फलंदाजीला येणाऱ्यांत वेड बॉग्ज होता, जो त्या वर्षी शंभरातल्या चाळीसहून अधिक वेळा बेसवर पोचला, आणि ड्वाइट एव्हान्स होता, जो शंभरात जवळपास एकोणचाळीस वेळा पोचला. राइस खेळायला यायचा तेव्हा मैदानात कुणी ना कुणी उभं असायचंच. त्यामुळे धावा घरी आणण्याची संधी वाढली आणि दोघांना बाद करून घेण्याचीही. एखाद्या दुबळ्या संघात, रिकाम्या बेसवर फलंदाजी करणाऱ्या खेळाडूला दोन्ही आकडे लहान ठेवणं सोपं जातं. गंमत अशी की घरी आणलेल्या धावांचा आकडा त्या काळी फलंदाजाच्या थोरवीचा पुरावा मानला जाई आणि डबल प्लेचा आकडा त्याच्या दोषाचा. दोन्हींना संधीचं तेच गणित लागू आहे हे मात्र फारसं कुणी बोलून दाखवत नसे.

मग संधी मोजून तिने भागत का नव्हते, असा प्रश्न साहजिक येतो. डबल प्लेची नोंद नॅशनल लीगने १९३३ पासून आणि अमेरिकन लीगने १९३९ पासून ठेवली. पण वर्तमानपत्रांत छापला जाणारा सामन्याचा तक्ता फक्त बेरजा सांगत असे: अमुक फलंदाज चार वेळा खेळला, दोन वेळा पोचला, एक डबल प्ले. तो खेळायला आला तेव्हा कोणत्या बेसवर कोण होतं आणि किती बाद होते, हे त्या तक्त्यातून कळत नसे. म्हणजे अपूर्णांकातला अंश उपलब्ध होता आणि छेद हरवलेला होता. तो परत मिळवायला प्रत्येक सामन्याची चेंडूगणिक हकीकत लागते, आणि ती जमवण्याचं काम मुख्यतः हौशी लोकांनी केलं. बिल जेम्स यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट स्कोअरशीटने चालू सामन्यांची नोंद घ्यायला स्वयंसेवक उभे केले, आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या रेट्रोशीटने जुने स्कोअरबुक शोधून, उतरवून मागच्या दशकांतले सामने पुन्हा उभे केले. आज एखाद्या जुन्या फलंदाजाला किती संधी आल्या हे आपण विचारू शकतो, ते या मेहनतीमुळे. बेसबॉलच्या आकडेशास्त्राचं श्रेय देताना गणितींची नावं आधी घेतली जातात. स्कोअरबुक उतरवून काढणाऱ्यांची नावं आधी यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

छेद मिळाला की हिशेब सरळ होतो. पहिल्या बेसवर रनर आणि दोनपेक्षा कमी बाद, अशी प्रत्येक पाळी म्हणजे एक संधी. सर्वसाधारणपणे अशा दर दहा संधींत एक, किंवा त्याहून किंचित जास्त वेळा डबल प्ले होतो. फलंदाजाला आलेल्या संधींना लीगच्या त्या मोसमाच्या सरासरी दराने गुणायचं. तेवढे डबल प्ले सरासरी फलंदाजाने ओढवले असते. प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडायचा आणि फरकाचं धावांत रूपांतर करायचं. त्यासाठी डावाच्या प्रत्येक स्थितीतून सरासरी किती धावा निघतात याचे तक्ते असतात. २०१० ते २०१५ च्या मोसमांवरून केलेल्या तक्त्यात पहिल्या बेसवर रनर आणि कुणी बाद नाही, या स्थितीतून डावाच्या अखेरीपर्यंत सरासरी सुमारे ०.८६ धावा होतात. एक बाद होऊन रनर पहिल्यावरच राहिला तर ०.५१. डबल प्ले होऊन बेस रिकामे आणि दोन बाद झाले तर ०.१०. म्हणजे साधं बाद होण्याची किंमत ०.३५ धावा आणि डबल प्लेची ०.७६, जादा नुकसान सुमारे ०.४१. एक बाद असताना डबल प्ले झाला तर डावच संपतो, पण तिथे मुळात धावांची अपेक्षा कमी असल्याने जादा नुकसान ०.२२ च्या आसपास. सगळं मिळून एका जादा डबल प्लेची किंमत ढोबळमानाने एक तृतीयांश धाव. फॅनग्राफ्ससारखी संकेतस्थळं या हिशेबातून काढलेला धावांचा आकडा खेळाडूच्या एकूण मूल्यात मिसळतात, आणि बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबातही डबल प्लेसाठी वेगळा रकाना आहे.

आता राइसकडे परत पाहू. समजा त्याच्यासारख्या फलंदाजाला मोसमात १८० संधी आल्या. अकरा टक्क्यांच्या दराने सरासरी फलंदाजाचेही वीस डबल प्ले झाले असते. ३६ मधून वीस गेले, सोळा उरले. त्यांची किंमत पाच-सव्वापाच धावा. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय असा बेसबॉलमधला अंदाज आहे, म्हणजे विक्रमी वाईट मोसमाचं नुकसान अर्ध्या विजयाच्या आसपास येतं. हे आकडे गृहीतावरचे आहेत, पण परिमाण त्यातून कळतं. विक्रमी आकड्यातला निम्म्याहून अधिक भाग जागेवर कोणीही असता तरी झालाच असता. आणि तरीही उरलेला भाग शून्य नाही, हेही तितकंच ठासून सांगायला हवं. राइस उजव्या हाताने, जोरात आणि पुष्कळदा जमिनीवरून मारणारा फलंदाज होता; डबल प्लेला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्याच्याकडे होत्या. कारकिर्दीत त्याचे ३१५ डबल प्ले झाले, म्हणजे दर २९ पाळ्यांत एक. पुहोल्सच्या १३,०४१ पाळ्यांत ४२६, म्हणजे दर ३०-३१ पाळ्यांत एक. ॲरनचा हाच दर बेचाळीस-त्रेचाळीस पाळ्यांत एक. पाळ्या हा खरा छेद नव्हे, पण एवढ्या ढोबळ भागाकारानेही यादीतलं पहिलं नाव आणि ॲरन हे एका माळेचे मणी नाहीत हे दिसतं. यादीत ॲरन आहे तो मुख्यतः दीर्घ काळ खेळला म्हणून. पुहोल्सही दीर्घ काळ खेळला, पण शेवटच्या दशकात त्याचे पाय जड झाले होते आणि क्षेत्ररक्षकांना ते माहीत होतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. उरलेला भाग फलंदाजाचा म्हणता, पण तो नुसत्या योगायोगाने आला नसेल कशावरून? शंका खरी आहे, आणि तिला आकड्यांनीच उत्तर देता येतं. १२० संधी आणि दहा टक्के दर असेल तर अपेक्षा बारा डबल प्लेची. पण फलंदाज तोच, दर तोच असला तरी केवळ नशिबाच्या हेलकाव्याने दर तीन मोसमांपैकी साधारण दोनच मोसम नऊ ते पंधराच्या आत येतील; तिसऱ्या मोसमात आकडा त्याच्याही बाहेर जाईल. म्हणून एका मोसमात नऊ आणि पुढच्या मोसमात पंधरा डबल प्ले झालेला फलंदाज बदलला, असं म्हणायला काहीच आधार नाही. क्रेग बिजिओचं १९९७ हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडून तो सर्व १६२ सामने खेळला, ७४४ वेळा फलंदाजीला आला आणि एकदाही डबल प्लेत सापडला नाही. त्याच्या आधी १९३५ मध्ये शिकागो कब्जच्या ऑगी गॅलनने १५४ सामन्यांत हाच पराक्रम केला होता. मात्र त्या वर्षी त्याच्या एका फटक्यावर तिघे बाद झाले होते, आणि ट्रिपल प्ले या रकान्यात मोजत नाहीत. बिजिओच्या शून्यात तिन्ही थर दिसतात. तो पहिल्या क्रमांकावर खेळत होता, आणि तेव्हा नॅशनल लीगमध्ये त्याच्या आधीच्या, नवव्या क्रमांकावर बहुधा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, यायचा. पिचर बेसवर फारसा पोचत नसे, आणि आधीचा रनर पहिल्या बेसवर असला तर बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच टेकवून, त्याला दुसऱ्यावर सरकवत असे. संधी मुळातच कमी. त्यात बिजिओ वेगवान. त्या मोसमात त्याने ४७ बेस चोरले. तरीही नशीब लागलंच. शंभर संधी आणि दहा टक्के दर धरला तर शून्य येण्याची शक्यता लाखात तीन. दर तीन टक्के धरला तर वीस मोसमांत एकदा. म्हणजे शून्य येण्यासाठी सरासरीहून कितीतरी चांगला फलंदाज लागतो, आणि इतक्या चांगल्या फलंदाजालाही असा मोसम क्वचितच लाभतो.

दुसरा आक्षेप याहून खोल जातो. डबल प्ले टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग चेंडूला बॅट न लावणं हा आहे. तीन स्ट्राइक घेऊन परतणारा फलंदाज या रकान्यात कधीच येत नाही. मग जो चेंडू मैदानात ठेवतो त्याला शिक्षा आणि जो हवेत बॅट फिरवून परततो त्याला माफी, हा कुठला न्याय? त्या एका पाळीपुरता तो न्याय बरोबर आहे: वरच्या तक्त्याप्रमाणे स्ट्राइकआउटचं नुकसान ०.३५ आणि डबल प्लेचं ०.७६. पण पाळी सुरू होताना कोणता निकाल येणार हे कुणालाच माहीत नसतं. पहिल्या बेसवर रनर असला की फर्स्ट बेसमनला त्याला रोखून धरण्यासाठी बेसला चिकटून राहावं लागतं, आणि मधले दोघे डबल प्लेसाठी दुसऱ्या बेसकडे सरकलेले असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना फटी वाढतात. जो सरपटता चेंडू रिकाम्या बेसवर सहज अडवला गेला असता तो इथे फटीतून बाहेर जाऊन रनर तिसऱ्यावर पोचू शकतो. ज्या स्थितीत डबल प्लेचा धोका आहे त्याच स्थितीत चेंडू मारणाऱ्याला जादा बक्षीसही आहे. म्हणून एकट्या डबल प्लेच्या रकान्यावरून चेंडू मैदानात ठेवणाऱ्या फलंदाजाचा निवाडा करणं म्हणजे त्याचा खर्च पाहून जमा न पाहणं होय. त्याने फटीतून काढलेल्या सिंगलची जमा फलंदाजीच्या इतर रकान्यांत आधीच धरलेली असते, आणि म्हणूनच एकूण मूल्यात डबल प्लेचा जादा खर्चही धरला पाहिजे. तो वगळला तर उलट बाजूने अन्याय होतो. फॅनग्राफ्स हा खर्च बेसवरच्या धावण्याच्या सदरात टाकतं. मला ती विभागणी अर्धीच पटते. पायांचा वेग त्यात आहेच, पण चेंडू जमिनीवर जातो की हवेत हे बॅट ठरवते.

तिसरा आक्षेप चाहत्यांचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. अर्धा विजय वगैरे ठीक, पण सामना पाहणाऱ्याला डबल प्लेने काळजात जे धस्स होतं ते या हिशेबात कुठे आहे? २७ ऑक्टोबर १९९१ च्या रात्री मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना झाला. मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्ज, आठवी इनिंग, दोन्ही संघ शून्यावर. ब्रेव्जच्या लॉनी स्मिथने सिंगल मारली, टेरी पेंडल्टनने डबल. त्या डबलवर स्मिथ घरी यायला हवा होता, पण ट्विन्सच्या मधल्या दोघांनी चेंडू आपल्याकडेच आल्याचा आव आणला, तो दुसऱ्या बेसपाशी थबकला आणि तिसऱ्यावरच अडकला. रॉन गँट एक बाद. ट्विन्सनी डेव्हिड जस्टिसला मुद्दाम चार बॉल देऊन पहिल्यावर पाठवलं, म्हणजे बेस भरले आणि कोणत्याही बेसवर सक्तीचा बाद मिळण्याची सोय झाली. ट्विन्सचा पिचर जॅक मॉरिस याच्यासमोर आलेल्या पुढच्या फलंदाजाने, सिड ब्रीमने, चेंडू थेट फर्स्ट बेसमन केंट हर्बेककडे सरपटत मारला. हर्बेकने तो घरी कॅचर ब्रायन हार्परकडे फेकला, स्मिथ बाद. हार्परने परत हर्बेककडे, ब्रीम बाद. नोंद ३-२-३. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांनी ब्रीम कमालीचा मंद झाला होता, आणि हार्परला परत फेकायला वेळ मिळाला त्याचं एक कारण तेच. भरलेले बेस आणि एक बाद या स्थितीतून सरासरी दीडहून अधिक धावा निघतात. त्या रात्री शून्य निघाल्या. ट्विन्सनी दहाव्या इनिंगमध्ये सामना १-० ने जिंकला. त्याच आठव्या इनिंगच्या उत्तरार्धात ट्विन्सचेही बेस भरले होते, आणि हर्बेकच्या हळूवार सरळ फटक्यावर सेकंड बेसमन मार्क लेमकीने झेल घेऊन बेसवर पाय ठेवला. पुन्हा दोघे बाद, पण या रकान्यात ते येत नाही, कारण चेंडू जमिनीला लागला नव्हता.

ब्रीमचा तो डबल प्ले आणि मे महिन्यातल्या एखाद्या एकतर्फी सामन्यातला डबल प्ले नोंदवहीत सारखेच. चाहत्याची तक्रार इथे खरी ठरते. प्रसंगाचं वजन धरणारी वेगळी मापं बेसबॉलमध्ये आहेत आणि त्यांत ब्रीमचा डबल प्ले कितीतरी जड भरतो. पण ती मापं काय घडलं ते सांगतात, पुढे कोण काय करेल ते फारसं सांगत नाहीत. फलंदाज कठीण प्रसंगी मुद्दाम अधिक डबल प्ले ओढवत नाही. प्रसंग त्याच्या वाट्याला येतो. कुठला फलंदाज संघात घ्यावा हे ठरवणाऱ्याला वजन न धरलेला, संधीने भागलेला दर उपयोगी. सामना का हरला हे लिहिणाऱ्याला वजन धरलेलं माप उपयोगी. दोघांनी एकमेकांचं माप वापरलं की वाद निष्फळ होतात, आणि या रकान्यावरचे बहुतेक वाद मला असेच वाटतात.

क्षेत्ररक्षणाच्या बाजूनेही संधीचाच खेळ आहे, फक्त उलटा. १९४९ च्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सने मोसमात २१७ डबल प्ले केले. संघाचा हा विक्रम आजही टिकून आहे, आणि तो संघ लीगमध्ये पाचवा आला. डबल प्ले करायला आधी समोरचे बेसवर पोचावे लागतात. जो संघ त्यांना पोचू देतो त्याला डबल प्ले जास्त मिळतात. पण इथेही फक्त संधीवर खापर फोडून थांबता येत नाही. १९६६ मध्ये पिट्सबर्गच्या बिल मॅझेरॉस्कीने सेकंड बेसमन म्हणून १६१ डबल प्लेत भाग घेतला, हाही विक्रमच, आणि चेंडू हातात येताच तो दुसरीकडे पाठवण्याची त्याची चपळाई ज्यांनी पाहिली त्यांनी ती कधी संधीच्या नावावर जमा केली नाही. पिचरही याला हातभार लावतात. खाली वळत जाणारा सिंकर टाकणाऱ्याच्या चेंडूंवर फटके जमिनीवर जातात. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने २०१६ मध्ये मैदानात गेलेल्या फटक्यांपैकी तब्बल ऐंशी टक्के जमिनीवर ठेवले, ४७ पैकी ४७ सामने राखले आणि नऊ इनिंगमागे ०.५४ धावा दिल्या. ज्याच्या चेंडूंवर फटका जमिनीवरच जातो त्याच्यासमोर रनर पहिल्यावर असणं हा धोका जवळपास निम्मा होतो, असं त्याच्याकडे पाहून म्हणावंसं वाटतं. मात्र फलंदाजाचा आकडा वाचताना समोर असे पिचर किती आले याचा हिशेब अजून बहुतेक ठिकाणी धरला जात नाही, आणि तो धरायला हवा.

शेवटी काळाचा प्रश्न. बेसबॉलचे नियम स्थिर नाहीत. २०१५ च्या प्लेऑफमध्ये चेस अटलीच्या घसरण्याने रुबेन तेहादाचा पाय मोडला आणि २०१६ पासून दुसऱ्या बेसवर घसरताना क्षेत्ररक्षकाला आडवं जाण्यावर बंधनं आली. सेकंड बेसमनला फेक करायला निर्धास्त जागा मिळाली. २०२३ मध्ये बेस पंधरा इंचांऐवजी अठरा इंचांचे झाले, त्यामुळे होम प्लेटपासून पहिल्या बेसचं अंतर तीन इंचांनी आणि पहिल्यापासून दुसऱ्याचं साडेचार इंचांनी घटलं. त्याच वर्षी दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन इनफिल्डर असलेच पाहिजेत असा नियम आला. २०२० पासून नियमित मोसमातल्या जादा इनिंग दुसऱ्या बेसवर रनर ठेवूनच सुरू होतात, म्हणजे पहिला बेस रिकामा असतो आणि फलंदाजाला मुद्दाम चालत पाठवून डबल प्लेची सोय करावी की नाही हा निर्णय आता पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. त्यात गेल्या दशकात फलंदाज चेंडू हवेत उचलायला शिकले आणि स्ट्राइकआउट वाढले. दोन्हींमुळे जमिनीवरचे फटके कमी झाले. १९८४ च्या ३६ ला आजच्या दराने तोलणं म्हणजे राइसला अशा खेळाचे नियम लावणं जो तो खेळलाच नव्हता. म्हणून कोणत्याही फलंदाजाचा दर वाचताना त्याच्याच मोसमाची आणि त्याच्याच लीगची सरासरी शेजारी हवी, आणि जिथे चेंडूगणिक नोंद मिळत नाही तिथे संधींचा रकाना अंदाजाने भरण्यापेक्षा रिकामा ठेवलेला बरा.